ट्युलिपचे कंद काढणं आणि साठवणं

ट्युलिपची फुलं येऊन गेली की जमिनीतले कंद उन्हाळ्यात काढायचे, सुकवायचे, हवेशीर जागी ठेवायचे आणि थंडीच्या तोंडावर परत लावायचे. नेदरलँड्समध्ये हे दरवर्षीचं काम आहे. आपल्याकडे कांदा काढून चाळीत भरतात तसंच बरंचसं, फक्त कांदा खायला ठेवतात आणि हा परत लावायला, म्हणून याला जास्त जपावं लागतं.

मुळात ट्युलिप मध्य आशियातला, तिएन शान आणि पामीरच्या डोंगरांतला. तिथे हिवाळा गोठवणारा आणि उन्हाळा कडक कोरडा, त्यामुळे कंद उन्हाळाभर तापलेल्या मातीत आरामात पडून राहतो. क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञाने 1593 मध्ये लायडनच्या बागेत ट्युलिप लावले, पण हॉलंडात उन्हाळ्यातही पाऊस पडतो आणि ओल्या मातीत कंद कुजायची भीती असते, म्हणून डोंगरातला तो कोरडा उन्हाळा तिथले शेतकरी गोदामात तयार करतात.

एप्रिल-मेमध्ये शेतात फुलं ऐन भरात असताना त्यांची मुंडकी छाटून टाकतात. बघणाऱ्याचा जीव हळहळतो, पण बी धरायला लागलं की ताकद तिकडे जाते आणि कंद पोसत नाही. पात मात्र हिरवी असेपर्यंत अजिबात कापायची नाही, घरच्या बागेत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जून-जुलैमध्ये पात पिवळी पडून वाळली की कंद काढतात. लावलेला जुना कंद तोपर्यंत संपलेला असतो, त्याच्या जागी एखादा मोठा आणि बाजूला लसणाच्या पाकळ्यांसारखे छोटे कंद मिळतात. माती झाडून प्रतवारी घेरावर करतात, साधारण 11-12 सेंटीमीटरच्या पुढचे विकायला आणि बारके परत लावायला.

साठवणीतला कंद झोपलेला असतो असं आपल्याला वाटतं पण तसं नाहीये, पुढच्या वर्षीचं फूल याच दिवसांत आतमध्ये तयार होतं. साधारण 17 ते 20 अंशांत ठेवलेला कंद उन्हाळा संपताना उभा चिरून भिंगाखाली धरला तर मधोमध इवलीशी कळी दिसते, सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये स्त्रीकेसर. स्त्रीकेसर दिसलं की त्याला जी स्टेज म्हणतात, फूल यायला कंदाला जी थंडी लागते ती द्यायची त्यानंतरच. म्हणूनच या काळात हवा खेळती लागते. फ्युजॅरियम बुरशी लागलेला एक कंद इथिलीन वायू सोडतो आणि शेजारच्या चांगल्या कंदांतल्या कळ्या आतच मरतात, बाहेरून काही कळतसुद्धा नाही. मऊ पडलेला किंवा आंबूस वास येणारा कंद लगेच बाजूला काढायचा.

1636-37 च्या हिवाळ्यात हॉलंडात ट्युलिपचे भाव भडकले तेव्हा कंद जमिनीतच होते, हातात मिळणार ते उन्हाळ्यात काढल्यावर, त्यामुळे सौदे झाले ते नुसत्या कागदावर आणि फेब्रुवारी 1637 मध्ये बाजार कोसळला.

श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनमध्ये लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, पुढची थंडी तिथला हिवाळाच देतो. पुण्या-मुंबईत कंद आधी 12-14 आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, कागदी पिशवीत, आणि त्याच फ्रिजमध्ये सफरचंद किंवा केळी अजिबात नकोत, कारण पिकणारी फळंही इथिलीन सोडतात.