ऑटो एसी आणि उन्हाचा सेन्सर : बदलण्यापूर्वी तपासून घ्या

नाशिकमध्ये मार्च संपत आला की आमच्या कार्यशाळेत एसीच्या तक्रारी वाढू लागतात. बहुतेक वेळा दोष गॅस, कंडेन्सर किंवा तुंबलेला केबिन फिल्टर यांपैकी कशात तरी सापडतो. काही गाड्यांत मात्र झरोक्यातून येणारी हवा चांगली गार असते आणि तरीही तक्रार खरी असते : भर दुपारी ब्लोअर मंदच राहतो, किंवा सूर्य मावळल्यावरही तो जोरात फिरत राहतो आणि आकडा २४ वर ठेवूनही गाडीत थंडी वाजते. ऑटो एसी, म्हणजे ठरवलेले तापमान राखण्यासाठी ब्लोअर आणि गारवा आपोआप कमी-जास्त करणारा एसी, असलेल्या गाडीत असे होत असेल, तर इतर कारणांबरोबर उन्हाच्या सेन्सरचाही विचार करावा लागतो.

हा सेन्सर डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या पायथ्याशी बसवलेला असतो. काळसर रंगाची, बोटाच्या पेराएवढी एक घुमटी तेथे दिसेल. तिच्या आत फोटोडायोड, म्हणजे प्रकाशानुसार विजेचा संकेत देणारा छोटा भाग, असतो. तो हवेचे तापमान मोजत नाही, अंगावर पडणारे ऊन मोजतो. डॅशबोर्डच्या खालच्या भागातील तापमानाच्या सेन्सरला केवळ आतली हवा कळते. चालकाच्या हातावर आणि छातीवर पडणारे ऊन कळत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ही घुमटी असते. दोन्ही बाजूंचे तापमान वेगवेगळे ठेवता येणाऱ्या काही गाड्यांत एकाच घुमटीखाली दोन डायोड असतात. दुपारनंतर पुण्याकडे निघालात, तर सिन्नरच्या पुढे ऊन प्रामुख्याने चालकाच्या बाजूने येते, आणि अशा गाडीत त्या बाजूला अधिक गार हवा मिळणे अपेक्षित असते. हाताने चालवायच्या साध्या एसीत हा सेन्सर नसतो, आणि ऑटो एसीच्या प्रत्येक मॉडेलमध्येही तो असतोच असे नाही. त्यामुळे गाडीची पुस्तिका आधी पाहावी.

आमचा आग्रह एका गोष्टीसाठी आहे : छपराखाली, अंधाऱ्या शेडमध्ये स्कॅनरवर वाचलेल्या बिघाडाच्या कोडवरून हा सेन्सर कधीही बदलू नये. प्रकाश नसताना चांगल्या सेन्सरचा संकेतही इतका क्षीण असतो की काही गाड्यांचे नियंत्रक त्याला तुटलेली तार समजतात. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत बी१४२१ हा कोड सौर सेन्सरच्या सर्किटचा असतो, आणि तपासणी अंधारात केल्यास सेन्सर धडधाकट असूनही तो दिसू शकतो, असे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकांतच नमूद आहे. म्हणून गाडी उन्हात आणून, कोड पुसून, तो पुन्हा येतो का हे पाहिल्याशिवाय आम्ही निष्कर्ष काढत नाही.

मोबाइलच्या टॉर्चचा झोत पाडून केलेली परीक्षाही फसवी ठरते. असे अनेक डायोड मुख्यतः अवरक्त किरणांना प्रतिसाद देतात, आणि एलईडी किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात हे किरण जवळजवळ नसतात. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरलेले असते तेव्हा आम्ही जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० वॉटचा बल्ब सेन्सरजवळ धरतो. निरभ्र दुपारचे ऊन मात्र सर्वांत भरवशाचे; त्या वेळी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट इतकी ऊर्जा पडत असते.

घरी करून पाहण्याजोगी एक परीक्षा आहे. दुपारी गाडी उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी ऑटोवर आणि आकडा २४ वर ठेवा, आणि आतले तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. त्यानंतर जाड काळ्या कापडाची घडी सेन्सरवर ठेवा. ब्लोअरचा वेग किंवा हवेचा गारवा हळूहळू बदलला, तर सेन्सर काम करत आहे असे समजण्यास हरकत नाही. हा बदल तत्काळ होत नाही, कारण झाडाच्या किंवा उड्डाणपुलाच्या क्षणभराच्या सावलीने एसीने हेलकावे खाऊ नयेत म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. दोन-तीन मिनिटे धीर धरावा. काहीच बदल झाला नाही, तरी तेवढ्यावरून सेन्सर बिघडला असे ठरत नाही.

पुष्कळदा दोष सेन्सरवर ठेवलेल्या वस्तूचा असतो. डॅशबोर्डवर अंथरलेली चटई, पार्किंगची चिठ्ठी, काचेवरची गडद फिल्म, देवाची मूर्ती यांपैकी काहीही ऊन अडवू शकते. मूर्ती काढण्याची मुळीच गरज नाही. ती चार बोटे बाजूला सरकवली तरी पुरते. डॅशबोर्डला चकाकी आणणाऱ्या द्रावणाचा थर घुमटीवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते, तो ओलसर मऊ कापडाने पुसून घ्यावा. पुढची काच नव्याने बसवली असेल, तर ते आम्हाला अवश्य सांगावे. उष्णता अडवणाऱ्या काचेमुळे सेन्सरपर्यंत पोहोचणारे ऊन कमी होते, शिवाय त्या कामात कनेक्टर सैल राहिलेला असू शकतो.

आमच्याकडे स्कॅनरवर सेन्सरचा चालू आकडा पाहिला जातो, मग मल्टिमीटरने व्होल्टेज. ऊन वाढल्यावर व्होल्टेज वाढते की घटते हे गाडीगणिक वेगळे असते. आम्ही पाहतो ते हे, की हात आडवा धरल्यावर आकडा सलग बदलतो की एकाच जागी अडकून बसतो. आकडा अडकलेला असेल, तर आधी तारा आणि कनेक्टर तपासले जातात. डायोडला दिशा असते, म्हणून तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर नवा सेन्सरही निरुपयोगी ठरतो. काही गाड्यांत घुमटीतच चोरी-सूचक लाल दिवा असतो; तो लुकलुकतो यावरून सेन्सर चांगला असल्याचे मानू नये, कारण त्या दिव्याचे सर्किट वेगळे असते. सेन्सर घरी उचकटून काढू नये, ही विनंती. कनेक्टर निसटून डॅशबोर्डच्या आत पडला, तर तो बाहेर काढण्यासाठी बरेच भाग उघडावे लागतात.

झरोक्यातील हवाच गार नसेल, तर उन्हाचा सेन्सर बदलून कूलिंग वाढणार नाही, आणि तसे कोणी सांगितल्यास खर्च करण्यापूर्वी पुन्हा विचारावे. तपासणीसाठी गाडी शक्यतो सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत आणावी, आणि डॅशबोर्डवरील वस्तू रोज जशा असतात तशाच राहू द्याव्यात, म्हणजे ऊन नेमके कोठे अडते ते आम्हाला पाहता येईल.