फवारणीचं औषध कातडीतून किती आत जातं?

पाऊस उघडला की परभणी-जालन्याकडे कपाशीवर फवारणी सुरू होते. कुणी उघड्या हाताने औषध ढवळतं, तर कुणी तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकतं. झोंबलं नाही म्हणजे भिनलं नाही, असा समज बांधावर सर्रास ऐकू येतो. तो धोक्याचा आहे. कातडीतून औषध किती आत शिरेल हे जळजळीवरून कळत नाही. रेणूच्या गुणधर्मांवरून मात्र त्याचा बराच अंदाज बांधता येतो.

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढीच. पेशी म्हणजे विटा आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे विटांच्या फटीत भरलेला चुना, अशी त्याची रचना असते. आत जायची वाट मुख्यतः या स्निग्ध भागातून आहे, म्हणून तेलात रमणारा आणि आकाराने लहान रेणू लवकर शिरतो.

तेलाची ओढ मोजायला बाटलीत पाणी आणि ऑक्टॅनॉल (पाण्यात न मिसळणारं तेलासारखं द्रव) घेऊन त्यात रसायन हलवतात आणि कुठल्या थरात किती उतरलं ते पाहतात. रसेल पॉट्स आणि रिचर्ड गाय या संशोधकांनी 1992 मध्ये ही ओढ आणि रेणूभार, एवढ्या दोनच आकड्यांवरून कातडी ओलांडण्याचा वेग काढणारं समीकरण मांडलं.

कपाशीवरची दोन औषधं त्यात घालून पाहू. प्रोफेनोफॉस पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये सुमारे 27 हजार पट जास्त उतरतं, इमिडाक्लोप्रिड जेमतेम चौपट. प्रोफेनोफॉसचा रेणू जड आहे (374 विरुद्ध 256), तरी समीकरण त्याला सुमारे शंभरपट वेग देतं. दोन्ही डब्यांना हात लावताना हा फरक कुणालाही जाणवणार नाही!

अर्थात हा हिशेब रसायन पाण्यात विरघळलेलं आहे असं धरून केलेला. डब्यातल्या औषधात इतर द्रावकंही असतात, ती कातडीचा अडसर आणखी सैल करतात. शिवाय डब्यातलं औषध पंपातल्या पाण्यापेक्षा शेकडो पट तीव्र असतं. त्यामुळे माप घेऊन ओतण्याची ती दोन मिनिटंच मला सगळ्यांत घातक वाटतात. हातमोजे तेव्हा तरी हवेतच. आणि सांडलं तर साबण लावूनच धुवायचं, तेलकट औषध नुसत्या पाण्याने सुटत नाही. शिरण्याचा वेग आणि विषारीपणा या वेगळ्या गोष्टी, हेही ध्यानात ठेवावं: मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पाण्यात सहज मिसळतं, समीकरण त्याला कमी वेग देतं, पण ते इतकं जहाल आहे की थोडंसं शिरलं तरी पुरे.

समीकरणात न बसणारी आणखी एक बाब म्हणजे अंगाची जागा. त्वचातज्ज्ञ हॉवर्ड मायबाक आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये स्वयंसेवकांवर पॅराथिऑन हे कीटकनाशक तपासलं. हाताच्या कोपराखालच्या भागातून सुमारे 9 टक्के शोषलं गेलं, डोक्याच्या कातडीतून 32, काखेतून 64 आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. गळका पंप पाठीवर असला की पाणी कमरेवरून नेमकं तिकडेच उतरतं. घामाने भिजलेली चड्डी ते कातडीला चिकटवून ठेवते, आणि ओली, तापलेली कातडी कोरडीपेक्षा जास्त शोषते. पंपाचा गळका वायसर बदलायला किरकोळ खर्च येतो. तो फवारणीला निघायच्या आधी बदलावा.