शापोरा किल्ला

शापोरा किल्ला : उत्तर गोव्यातील बारदेश तालुक्यात, शापोरा नदीच्या मुखावर असलेला पोर्तुगीजकालीन भग्न किल्ला. सह्याद्रीतून येणारी तिळारी नदी गोव्यात शापोरा म्हणून ओळखली जाते. तिच्या दक्षिण काठच्या टेकडीवर हा किल्ला उभा आहे. ‘शहापूर’ या आदिलशाही नावावरून शापोरा हे नाव पडले, असे मानतात. टेकडीच्या उतारावर विखुरलेली जुनी मुसलमानी थडगी अजून दिसतात.

१५४३ मध्ये बारदेश पोर्तुगीजांकडे गेले आणि ही नदी त्यांच्या मुलखाची उत्तर सीमा झाली. पलीकडचे पेडणे परक्या अमलाखाली होते. आधी आदिलशहाच्या, पुढे वाडीकर (सावंतवाडीच्या) भोसल्यांच्या. किल्ल्याचे सारे भवितव्य या सीमेशी बांधलेले होते. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांनी बारदेश व दक्षिण गोव्यातील साष्टीवर स्वारी केली, तेव्हा शापोरा मराठ्यांनी घेतला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्या सुमारास याच भागात होता. मोगल फौज चालून आल्यामुळे मराठ्यांना लवकरच माघारी वळावे लागले.

सध्याचे अवशेष मुख्यतः १७१७ च्या पुनर्बांधणीचे आहेत. टेकडीची कड जशी वळते तसा तट वळतो, त्यामुळे किल्ल्याला ठरावीक आकार नाही. चढ संपतो तिथे अरुंद दरवाजा लागतो. तटाला हात लावला की जांभ्याच्या भोकांतली तांबडी माती बोटांना लागते. कोपऱ्यावर पहारेकऱ्याची छोटी गोल मनोरी आहे. आतले सेंट अँथनीचे चर्च मात्र पार नाहीसे झाले असून बराकींचे थोडे दगडच उरले आहेत.

एवढी मजबुती करूनही १७३९ मध्ये, वसईची मोहीम चालू असतानाच, वाडीकर भोसल्यांनी शापोरा जिंकला. मराठी वाचकाने वसईइतकीच ही लढाईही लक्षात ठेवायला हवी. १७४१ मध्ये नवा व्हाइसरॉय युरोपातून ताजी कुमक घेऊन आला आणि बारदेश पुन्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले.

१७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांना मिळाले. सीमा उत्तरेला तेरेखोल नदीपर्यंत सरकली आणि शापोऱ्याला राखण्यासारखे काही उरले नाही. १८९२ मध्ये किल्ला सोडून देण्यात आला. त्याच्या उत्तर तटावर उभे राहिले की नदीपलीकडे मोरजीची वाळू आणि मागे पेडण्याचा मुलूख दिसतो.