मायक्रोवेव्हची उष्णता आणि खरा अनुनाद

मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता पाण्याच्या रेणूशी जुळते, म्हणून अनुनाद होऊन, म्हणजे रेणूच्या स्वतःच्या तालात रेटा मिळत राहून, पाणी तापतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर (सेकंदाला २.४५ अब्ज कंपनांवर) चालतो आणि तिथे पाण्याचा कुठलाही अनुनाद नाही. द्रवरूप पाण्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंतलेले असतात. विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला अब्जावधी वेळा उलटते, तिच्याबरोबर वळताना रेणू थोडे मागे पडतात आणि त्या ओढाताणीत लहरीच्या ऊर्जेची उष्णता होते. साध्या तापमानाला पाणी सर्वाधिक ऊर्जा शोषतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. ओव्हनची वारंवारता त्याहून कितीतरी कमी आहे, हे बरंच आहे. शोषण फार जोरदार झालं असतं तर फक्त वरचा पातळ थर तापला असता.

खरा अनुनाद पाहायचा तर इलेक्ट्रॉनकडे जावं लागतं. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो. एका फेरीला लागणारा वेळ त्याच्या वेगावर नव्हे, तर क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरतो. वेग वाढला की वर्तुळ मोठं होतं, वेळ मात्र तेवढाच राहतो. (प्रकाशाच्या वेगाजवळ हे बिघडतं.) १ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात तो सेकंदाला २८ अब्ज फेऱ्या मारतो. म्हणजेच ०.०८७५ टेस्लाचं क्षेत्र असेल, तर ओव्हनमधलीच २.४५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या तालात येते, प्रत्येक फेरीत त्याला रेटा देते आणि विरळ वायूचा प्लाझ्मा, म्हणजे आयन (विद्युतभारित अणू) आणि सुट्या इलेक्ट्रॉनांचं मिश्रण, होतो. कणत्वरकांना आयन पुरवणारे अनेक स्रोत याच तत्त्वावर चालतात.

संलयन, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं, या संशोधनात हे तंत्र फार मोलाचं ठरलं आहे. टोकामॅक या प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रातलं चुंबकीय क्षेत्र आतून बाहेर कमी होत जातं, त्यामुळे एखाद्या वारंवारतेला अनुनाद मिळतो तो एका अरुंद पट्ट्यातच. आरशाने झोत वळवला की प्लाझ्माचा नेमका हवा तो भाग तापवता येतो, अस्थिरता उगवेल तिथेच ती दाबताही येते. जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटर (प्लाझ्मा कोंडणाऱ्या, पण वेगळ्या रचनेच्या) यंत्रात त्यासाठी १४० गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, तर फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ईटर या टोकामॅकसाठी १७० गिगाहर्ट्झ ठरले आहेत.

धातू, सिरॅमिक अशा साहित्याच्या विज्ञानात कथा वेगळी आहे. धातूचा सलग पत्रा मायक्रोवेव्ह परतवतो. तांब्यात त्या जेमतेम मायक्रोमीटरभर शिरतात. पण धातूची बारीक भुकटी दाबून केलेला तुकडा छान तापतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रुस्तम रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की अशा भुकटीचं पूर्ण सिंटरिंग, म्हणजे न वितळवता कण एकजीव करणं, मायक्रोवेव्हने साधतं. त्यांचे पुढचे प्रयोग मला अधिक सुंदर वाटतात. अनुनादी पोकळीत, म्हणजे लहरीच्या मापाने बनवलेल्या धातूच्या डब्यात, लहर स्थिर उभी राहते: एका जागी विद्युतक्षेत्र कमाल, तर दुसरीकडे चुंबकीय. तोच नमुना या दोन जागी ठेवला, तर तापण्यात मोठा फरक पडतो. धातूची भुकटी चुंबकीय क्षेत्रात जोमाने तापते, तर काही सिरॅमिक विद्युतक्षेत्रात. काही सिरॅमिक जसजसे तापतात तसतसे अधिक ऊर्जा शोषतात, म्हणून तिथे शक्तीवर सतत लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर एखादाच ठिपका भडकतो.

अशाच अनुनादी पोकळीत कृत्रिम हिराही वाढवतात. हायड्रोजनमध्ये थोडा मिथेन मिसळून २.४५ गिगाहर्ट्झने प्लाझ्माचा गोळा पेटवायचा, की खालच्या तबकडीवर कार्बनचे थर हिऱ्याच्या रूपात चढत जातात. ईटरसाठी लहरी निर्माण करणाऱ्या गायरोट्रॉनला खिडकी लागते ती अशाच हिऱ्याची. सुमारे १ मेगावॉटचा झोत २ मिलिमीटरहून पातळ चकतीतून बाहेर पडतो. हिरा या लहरी फारच कमी शोषतो, आणि जी थोडी उष्णता होते ती तांब्याच्या कित्येक पट सहज कडेला वाहून नेतो. चकतीची जाडीही मोजून ठेवलेली असते: हिऱ्यातल्या अर्ध्या तरंगलांबीच्या नेमकी पाचपट, सुमारे १.८५ मिलिमीटर. त्यामुळे दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात आणि जवळजवळ सगळी शक्ती पार जाते.