रोबो आर्मची निवड

कारखान्यातल्या एखाद्या कामाला कुठल्या प्रकारचा आणि किती ताकदीचा यांत्रिक हात घ्यायचा हे ठरवणं. चाकण-भोसरीकडे आर्म वगैरे कोणी म्हणत नाही, नुसतं 'रोबो'.

पहिला रोबो कधीचा यावर दोन मतं आहेत. अमेरिकन संशोधक जॉर्ज डेव्हॉलने पेटंटचा अर्ज १९५४ मध्ये केला, ते मिळालं १९६१ ला, आणि न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात डायकास्टिंग मशीनमधून (वितळलेला धातू साच्यात दाबणारं मशीन) गरम पार्ट काढायला त्याचा युनिमेट नावाचा रोबो लागला तोही साधारण तेव्हाच, पण काही जण १९५९ सांगतात, ते बहुधा नमुना यंत्राचं साल असावं, म्हणून उत्पादनातला पहिला म्हणायचा तर १९६१ धरलेलं बरं. युनिमेट हायड्रॉलिक होता. १९७३ चा जर्मन कंपनी कुकाचा फॅम्युलस हा रोबो सहा अक्षांचा (म्हणजे सहा सांध्यांवर फिरणारा) आणि विजेवर चालणारा. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ च्या आसपास स्कारा नावाचा रोबो तयार केला, तो आडव्या दिशेत जरा लवचिक आणि उभ्या दिशेत कडक, त्यामुळे पिन भोकात बसवायची असेल तर आजही तोच बघतात. मशीनवर लोडिंग-अनलोडिंग किंवा वेल्डिंग असेल तर सहा अक्ष.

निवड चुकते ती बहुतेक पेलोडमध्ये, म्हणजे रोबोने पेलायच्या एकूण वजनात. समजा सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) ४ किलोचा शाफ्ट लावायचाय. तयार जॉब (मशीनवर घडवायचा भाग) काढून लगेच कच्चा लावायला डबल ग्रिपर (दोन पकडींचा पंजा) घेतला, तो ५ किलोचा, आणि अदलाबदलीच्या क्षणी दोन्ही जॉब हातात, म्हणजे झाले १३ किलो. १० किलोचा रोबो इथेच बाद. वर अंतराचा हिशोब वेगळाच, कारण १० किलो मनगटापासून १०० मिमीवर असेल तर मनगटावर सुमारे १० न्यूटन मीटर येतात, २५० मिमीवर तेच २५. कॅटलॉगच्या पहिल्या पानावरचा आकडा बघू नये, आत लोड डायग्राम (कुठल्या अंतरावर किती वजन चालतं त्याचा आलेख) असतो तो बघावा.

रिपीटेबिलिटी आणि ॲक्युरसी या दोन गोष्टी एकच समजल्या जातात, तशा त्या नाहीत. शिकवलेल्या पॉइंटवर रोबो परत परत किती जवळ येतो ती रिपीटेबिलिटी, छोट्या रोबोंची ±०.०२ ते ०.०५ मिमी असते. ॲक्युरसी म्हणजे नुसते कोऑर्डिनेट दिले तर नेमका तिथे जातो का, ती बरीच ढिली असते आणि कॅटलॉगमध्ये सहसा छापतही नाहीत. पेंडंट (रोबोचा हातातला कंट्रोल) घेऊन टीचिंग करणार असाल, म्हणजे एकेक पॉइंट शिकवणार असाल तर पहिली पुरते, पण कॅमेरा किंवा ऑफलाइन प्रोग्रामिंग (रोबोपाशी न जाता संगणकावरच प्रोग्राम करणं) आलं की दुसरी नडते. दोन्ही मोजायची पद्धत आयएसओ ९२८३ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

पुण्यात कोबॉट (माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेले रोबो) तसे लवकर आले, बजाज ऑटोने २०१० च्या सुमारास घेतले. टाटा मोटर्सच्या टाल कंपनीचा ब्राबो २०१७ ला बाजारात आला, २ आणि १० किलोचा (तो कोबॉट नव्हे, साधा रोबो). कोबॉट आहे म्हणजे जाळी (सुरक्षेचं कुंपण) नको, असं सरसकट नसतं. ग्रिपरमध्ये धारदार पत्रा असेल तर आर्म कितीही मऊ असो, जाळी नाहीतर सेन्सर लागतोच.