उबळ आली, की घास अडकला?

दुपारी भरवताना एखादं बाळ "ऑक्" करतं आणि हाताखालच्या मावशी ओरडतात, "ताई, ठसका लागला!" नुसती उबळ असो की घास अडकलेला, आपल्याकडे दोन्हीला ठसकाच म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

2017 पासून बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. त्यातली थोडी आधीच खर्ची पडते. आई पुन्हा लोकल धरते तेव्हा बाळाचं उष्टावण नुकतंच झालेलं असतं, नाहीतर व्हायचं असतं. म्हणजे वरच्या अन्नाचे पहिले बरेचसे घास आमच्या दादरच्या पाळणाघरातच जातात.

आधी उबळ. मोठ्या माणसाला घशापाशी काही टेकलं तर उबळ येते. सहा-सात महिन्यांच्या बाळात ती जागा जिभेवर बरीच पुढे असते. मऊ भाताचं एक शीत तिथे पोचलं तरी जीभ बाहेर येते, चेहरा लाल होतो, डोळे भरतात, खोकून घास पुढे ढकलला जातो. आवाज भरपूर. आणि मिनिटभरात स्वारी पुन्हा आ वासून तयार! इथे आपण बाळाजवळ बसून गप्प बघायचं. तोंडात बोट घालायचं नाही, घास उलट आत जातो.

घास अडकतो तेव्हा मात्र आवाज बंद होतो. रडू फुटत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळसर पडतात. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर खांद्यांच्या मधोमध 5 जोरकस थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब, मग पुन्हा थापा. पोट दाबायचं नाही. दुसऱ्याने तोवर 108 लावायचा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन), आणि तो वाचून येत नाही, शिकूनच घ्यावा लागतो.

अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराच्या चकत्या आमच्याकडे बंद. बोरन्हाणाला तर मी डोळ्यांत तेल घालून बसते. डोक्यावरून बोरं आणि हलवा ओतायचा आणि रांगती पोरं ते उचलून तोंडात टाकणार!

पण खरी गंमत पुढे आहे. उबळीला घाबरून घरोघरी सगळं मिक्सरमधून निघतं. नऊ-दहा महिने उलटले तरी तोंडात गाठ-कण नाही, अशी मुलं पुढे खाण्यात जास्त त्रास देतात. मग त्यालाच आपण नखरे म्हणतो. आमच्याकडे एक मुलगा अकराव्या महिन्यात आला, डब्यात कायम गुळगुळीत पेस्ट. आजींनी बजावलेलं, "त्याला ठसका लागतो हो." मी वरणभात मिक्सरऐवजी चमच्याने कुस्करायला लागले. पहिला आठवडा रोज उबळ, रोज मावशींचा जीव टांगणीला. दुसऱ्या आठवड्यात तो मसुरीचा एकेक दाणा चिमटीत धरून ताटाच्या कडेला मांडून ठेवायचा, अगदी रांगेत. तिसऱ्यात त्यातले दोन खाल्ले. आजींना अजून सांगितलेलं नाही.