पांडवलेण्यांतील सागरी आणि औद्योगिक नोंदी

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात असलेल्या पांडवलेण्यांतील काही ब्राह्मी लेखांत कोकण व दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरील बंदरे, नदीमुखे, नारळाच्या बागा आणि नाशिकजवळील गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणी (व्यावसायिक संघ) यांचे उल्लेख येतात. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरील लेण्यांत किनाऱ्याचा इतका तपशील सापडावा, हेच या लेखांचे वेगळेपण आहे.

यांतील महत्त्वाचे लेख दहाव्या लेण्यात असून ते शक क्षत्रप (शासक) नहपानाचा जावई उषवदात याचे आहेत. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर मोफत नावा ठेवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा (विसाव्याच्या जागा) व पाणपोया उभारल्या. पारदा म्हणजे पार आणि दमण म्हणजे दमणगंगा. या दोन्ही नद्या आजच्या नाशिक जिल्ह्यातच उगम पावतात. नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळाच्या झाडांचे दानही या लेखात नोंदले असून, हे गाव म्हणजे उंबरगावनजीकचे नारगोळ असे मानले जाते. संख्या शब्दशः घ्यावी की नाही हा प्रश्न उरतो. पण किनाऱ्यावरच्या गावाची संपत्ती नारळाच्या झाडांत मोजली जाई, हे त्यातून स्पष्ट होते.

उद्योगांविषयीची माहिती बेचाळिसाव्या वर्षाच्या लेखात अधिक नेमकी आहे. उषवदाताने गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले: एकीकडे दोन हजार, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, तर दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे होते. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) फलकावर नोंदवला गेला. लेखातील ‘कोलिक’ हा शब्द विणकरवाचक आहे. किनाऱ्याच्या संदर्भामुळे त्याचा अर्थ कोळी असा करण्याचा मोह टाळावा लागतो. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील लेखात कुंभार, तेली आणि ‘ओदयंत्रिक’, म्हणजे पाण्याची यंत्रे चालवणारे किंवा बनवणारे, यांच्या श्रेणींकडेही अशाच ठेवी ठेवल्याचे दिसते. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ती तरतूद विष्णुदत्ता या शक उपासिकेने केली होती.

किनाऱ्यावरील व्यापारी मार्गांसाठी शक आणि सातवाहन यांच्यात झालेल्या झगड्याची खूण सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये मिळाली. तेथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला छाप पुन्हा उमटवलेला आहे.